डोंगरातला घाट नको, नदीवरचा चालेल ना?

प्रश्न असा आला आहे: पन्नाशी ओलांडलेलं पुण्यातलं जोडपं, दोघांकडे रोडबाईक, दीड-दोन वर्षांचा सराव. दिवसाला 50-60 कि.मी. आरामात होतात, पण गुडघ्यांमुळे चढ नको. हाताशी तीन दिवस आहेत. नदीच्या कडेकडेने जाणारा सपाट, शांत रस्ता महाराष्ट्रात कुठे सापडेल?

घाट नको म्हणालात, तरी मी तुम्हाला घाटावरच धाडणार आहे. फरक इतकाच, की हे घाट उतरून खाली पाण्याशी जायचं. कराडहून निघा आणि भिलवडी, औदुंबर, सांगली, हरिपूर, नरसोबाची वाडी करत खिद्रापूरला पोचा. आडवळणं धरून सव्वाशे ते एकशेचाळीस कि.मी. होतात. कराड आणि सांगली ही दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत, त्यावरून चढाचा अंदाज करा. पुलांचे चढ आणि रेल्वे फाटकाची उंचवटी सोडली तर पेडलजवळच्या छोट्या चकतीवर, म्हणजे चढाच्या हलक्या गिअरवर यायची वेळ क्वचितच येते.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘नदीच्या कडेकडेने’ या शब्दांबद्दल, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. असा रस्ता कृष्णेला नाही. युरोपात डॅन्यूबच्या काठाने पासाऊहून व्हिएन्नापर्यंत लोक पाण्याला लागून सायकली चालवतात, त्याची छायाचित्रं पाहून आपल्याला तसंच काहीतरी हवंसं वाटतं. पण तिथला तो रस्ता बराचसा जुन्या ओढवाटेवरून जातो. मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढत न्यायला घोडे काठाने चालत, त्यांची ती वाट. आपल्याकडे कृष्णेत होड्या चालल्या त्या आडव्या, या तीरावरून त्या तीरावर. उभ्या चालल्या नाहीत, म्हणून काठाने वाट पडली नाही. शिवाय पुराच्या धाकाने गावठाणं उंचवट्यावर बसली आणि रस्ते गावांना जोडत गेले. गाव आणि पाणी यांच्यामध्ये मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन, तिच्यात ऊस. बारा फुटी ऊस दोन्ही बाजूंना उभा असला की नदी अर्ध्या किलोमीटरवर असूनही दिसत नाही.

मी हे शिकलो ते चिखलात. सतराएक वर्षांपूर्वी मोबाइलच्या नकाशात नदीची निळी रेघ आणि तिला चिकटून एक बारीक पांढरी रेघ दिसली, म्हणून हुरळून वळलो. ती निघाली पाणंद. आधी खडी, मग माती, मग काळ्या रानाचा राड आणि शेवटी एक मोटारशेड. चिखल ब्रेकमध्ये असा बसला की चाकं फिरेनात. सायकल खांद्यावर घेऊन, पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी घसरत परत येत होतो, तर बांधावर बसलेले आजोबा म्हणाले, “पाव्हणं, नदी काय पळून चाललीया व्हय? रस्त्यानं जावा की, घाटावर गावंल.” त्यांचा तो सल्ला मी आजवर प्रत्येकाला देत आलोय. नदीच्या मागे लागू नका. डांबरी रस्त्याने घाट ते घाट, पूल ते पूल जा. दिवसातून चार-पाच वेळा नदी भेटते, आणि भेटते तेव्हा नीट भेटते.

पहिल्या दिवशी पहाटे कराडच्या प्रीतिसंगमावर जा. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र होऊन काटकोनात वळतात. संगमावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथून कराड-तासगाव रस्त्याने कार्वे, वडगाव हवेली, शेणोली, ताकारी. खरं सांगायचं तर हा पट्टा काही फार देखणा नाही. वाहनं असतात, नदी दिसत नाही, पाय मोकळे करायला ठीक. सकाळी सहाला निघून नऊच्या आत उरका.

ताकारीनंतर किर्लोस्करवाडीला मात्र सायकलवाल्याने थांबायलाच हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. पुढे लोखंडी नांगर आले आणि औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये ही वाडी वसली. कारखान्याच्या फाटकाबाहेर सायकल टेकवून चहा घेताना मला दर वेळी वाटतं, की इतक्या उद्योगाचं मूळ कुणाच्या तरी सायकलच्या पंक्चरमध्ये आहे.

इथून भिलवडी बारा-तेरा कि.मी. आणि खरा कृष्णाकाठ इथे सुरू होतो. भिलवडी म्हटलं की पुण्याच्या माणसाला दूध आठवतं. चितळ्यांची डेअरी 1939 मध्ये याच गावात सुरू झाली. पण डेअरीच्या आधी घाटावर जा. दगडी पायऱ्यांचा रुंद, ऐसपैस घाट आहे. दुपारी बायका धुणं धूत असतात, पोरं सूर मारत असतात. तुम्ही पायरीवर बसून गूळ-शेंगदाणे खा. क्लीटचे बूट काढूनच पायऱ्या उतरा. शेवाळलेल्या दगडावर त्या प्लास्टिकला कसलीच पकड नसते. आमच्यातल्या एकाने तीन दिवसांत रस्त्यावर एकदाही न पडता इथे मनगट मोडून घेतलं होतं.

पाण्यात उतरायचं तर गावचे लोक उतरतात तिथेच, त्यांच्याबरोबर. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या या पट्ट्यात मगरी आहेत. ही दंतकथा नाही. माणसांवर हल्लेही झाले आहेत. एकांतातला सुंदर काठ पाहून पाय बुडवायचा मोह आवरा.

भिलवडीचा पूल ओलांडला की अंकलखोप आणि त्याला लागून औदुंबर. मुक्काम इथे करा. दत्ताचं स्थान आहे, नृसिंहसरस्वतींनी इथे चातुर्मास केला अशी श्रद्धा आहे, भक्तनिवासात साधी, स्वच्छ सोय होते. पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरीचं देऊळ. संध्याकाळी आरतीनंतर घाटावर बसलात की दिवसभराचे पन्नास-पंचावन्न कि.मी. कुठे गेले ते कळत नाही. देवळात जाताना सायकलिंगच्या घट्ट चड्डीवर एखादी लुंगी किंवा पातळ पँट चढवा. कुणी हटकणार नाही, पण आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

दुसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवलाय, पस्तीसेक कि.मी.चा. त्याला कारण आहे. घाटातला सायकलस्वार चढावर दमतो, पण उतारावर त्याचे पाय थांबतात, बूड उचललं जातं, हात हलतात. सपाटीवर यातलं काहीच होत नाही. तीन-तीन तास त्याच बैठकीत, त्याच लयीत पाय फिरत राहतात. पहिल्या दिवशी मजा वाटते, दुसऱ्या दिवशी तळहाताला मुंग्या आणि बसायच्या हाडांना कळ. सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता हा समज इथे मोडतो. यावर माझा उपाय गावठी आहे. दर चाळीस मिनिटांनी उतरायचं, तहान असो वा नसो, आणि दर दहा मिनिटांनी गिअर एक जड करून वीस-तीस पेडल उभ्याने मारायचे. गुडघ्यांसाठी मात्र उलटं: गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरवा. सपाटीवर वेगाच्या मोहाने जड गिअर ओढणाऱ्यांचेच गुडघे संध्याकाळी बोलतात.

तर सकाळी औदुंबरहून निघालात की अंकलखोपशेजारच्या नागठाण्याला चक्कर मारा. ते बालगंधर्वांचं गाव. मग उजव्या तीराने डिग्रज करत सांगलीवाडी. हा सगळा पट्टा मळीचा. कृष्णाकाठची भरताची वांगी याच गाळात येतात. रस्त्याकडेला कुणी टोपली घेऊन बसलं असेल तर दोन घ्या आणि रात्री जिथे उतराल तिथल्या खानावळीत भाजून मागा. हसतील, पण देतील.

सांगलीवाडीहून सांगलीत शिरताना आयर्विन पूल लागतो. 1929 चा हा पूल आमचं पूरमापक यंत्र आहे. पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका, हे सांगलीच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये इथलं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पुलावर उभं राहून खाली पाहिलंत तर ती उंची कल्पनेत बसत नाही. पण तुम्ही दोन दिवस ज्या रस्त्यावर एकही चढ न लागता आलात, त्याचाच हा हिशेब आहे. खोऱ्याला उतार नाही, नदी वळसे घेत जाते, खाली पंचगंगेचा फुगवटा, म्हणून चढलेलं पाणी लवकर ओसरत नाही. एवढ्यासाठीच जुलै ते सप्टेंबर या रस्त्याचं नाव काढू नका. रस्ते पाण्याखाली जातात आणि पाणी उतरल्यावरही महिनाभर साइडपट्ट्या खचलेल्या असतात.

सांगलीत गणपतीचं दर्शन, भेळ किंवा भडंग, आणि दुपारी झोप. चार वाजता हरिपूरला निघा. जेमतेम चार-पाच कि.मी. आहे, पण सगळ्या प्रवासातलं माझं सर्वांत आवडतं अंतर हेच. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथले. आणि याच गावात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. 2005 च्या पुराने त्यातली पुष्कळ पेवं निकामी केली. कुणी जाणतं माणूस भेटलं तर विचारा, जागा दाखवतात. संगमावर सूर्य मावळेपर्यंत बसा, पण सायकलला पुढचा-मागचा दिवा लावूनच परत या.

तिसरा दिवस पंचेचाळीसेक कि.मी.चा. पूर्वी सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जायचं तर अंकलीच्या पुलावरून कोल्हापूर रस्त्याची ट्रकांची रांग चुकत नसे. आता हरिपूर-कोथळी पूल झाल्यापासून सायकलवाल्यांचं भाग्य उजळलंय. पूल ओलांडून कोथळी, उमळवाड, मग उदगावला मोठा रस्ता काळजीपूर्वक पार करायचा आणि चिंचवाड, अर्जुनवाड, घालवाड करत शिरोळ. गावं जवळजवळ, रस्ता अरुंद, वाहनं तुरळक. सकाळी डेअरीवर कॅन घेऊन निघालेल्या दुचाक्या, रानात निघालेली माणसं. इथे कुणीही हात केला तर थांबा. चौकशी होते, कधीकधी चहा होतो. “एवढी महागाची सायकल, आणि हिला स्टँड न्हाई?” हा प्रश्न मला या पट्ट्यात निदान पन्नास वेळा विचारला गेला असेल. अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. दत्ताच्या पादुका औदुंबराखाली, पाण्याशेजारी. पावसाळ्यात नदी स्वतःच देवळात शिरते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, त्या पाण्यात स्नान करायला गर्दी लोटते. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे. एक विनंती: बासुंदी परतीच्या वाटेवर खा. वाटीभर बासुंदी पोटात घेऊन पुढचे सतरा-अठरा कि.मी. ऊन्हातून मारून पाहिलेत मी, पुन्हा मारणार नाही. जाताना केळी पुरेत.

पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाड, मग मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी आणि खिद्रापूर. महाराष्ट्र इथे संपत येतो, नदीपलीकडे कर्नाटक. कोपेश्वराचं देऊळ बाहेरून पाहाल तर तळाशी हत्तींची रांग, जणू अख्खं देऊळ पाठीवर तोललंय. पण आधी आत जा. स्वर्गमंडप 48 खांबांचा आहे आणि त्याच्या छताच्या मधोमध गोल मोकळं आकाश. बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. दुपारी बाराच्या सुमारास पोचलात तर उन्हाचा गोळा खाली उतरलेला दिसतो. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला लेख इथे आहे. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, तो पलीकडे यडूरला आहे म्हणतात. मी आठ-दहा वेळा गेलो असेन, पण मंडपात अनवाणी उभं राहिल्यावर तीन दिवसांच्या पेडलिंगची तळपायातली धग दगडात उतरते, ते सुख दर वेळी नवंच.

आता कधी जायचं. दोन पर्याय आहेत, दोन्हींत काहीतरी सोडावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर हवा धुतलेली, नदी भरलेली, रस्ते रिकामे. पण ऊस उभा असतो, त्यामुळे हिरव्या बोगद्यातून चालल्यासारखं वाटतं. फेब्रुवारीत ऊस तुटून रानं मोकळी होतात, लांबून नदी दिसते, हळद शिजवायच्या कढयांचा वास गावभर असतो, बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या असल्याने पाणी आरशासारखं तुंबलेलं. मी स्वतः फेब्रुवारीत जातो. पण तुमची पहिलीच खेप आहे, तेव्हा तुम्ही कारखान्यांची मोळी पडायच्या आत जा. एकदा गाळप सुरू झालं की रस्त्याचा मालक ऊसवाला. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली की संपलं असं समजू नका, दुसरी असते, आणि ती वळणावर आत येते. मी ट्रॉलीला कधीच ओलांडत नाही. थांबतो, पाणी पितो, तिला जाऊ देतो. बैलगाड्या पहाटेच्या अंधारात निघतात, त्यामुळे त्या महिन्यांत उजाडल्याशिवाय सायकल बाहेर काढायची नाही. डिसेंबर-जानेवारीत तर काठाला धुकं इतकं दाट असतं की सात-साडेसातपर्यंत समोरचं दिसत नाही.

वाऱ्याचंही पाहा. उन्हाळा लागला की दुपारी पश्चिमेचा वारा उठतो आणि आपण आग्नेयेला चाललेलो, म्हणजे पाठीशी. म्हणून वरून खाली, कराडहून खिद्रापूरकडेच जायचं. उलट दिशेने आलेल्या मंडळींनी सपाटीवर घाट चढल्याचा अनुभव सांगितलाय. हिवाळ्यात वारा फिरतो, पण सकाळी तो पडलेलाच असतो.

बंधाऱ्यांबद्दल राहिलं. नकाशात नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पुलासारखे दिसतात आणि त्यावरून लोक जातातही. पावसाळ्यात ते बुडतात. एरवी वरचा स्लॅब अरुंद, काही ठिकाणी कठडाच नाही. त्यावर सायकल चालवू नका, हातात धरून चाला आणि समोरून ट्रॅक्टर दिसला तर तो येईपर्यंत अलीकडेच थांबा. पण एकदा तरी चाला. एका बाजूला तुंबलेलं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला बरग्यांच्या फटींतून फवारे आणि खाली दगडांवर बगळे.

सायकलला फार काही नको. 25 मि.मी. रुंदीचे टायर असतील तर 28 घाला, फ्रेममध्ये बसत असतील तर 32. हवा गच्च भरू नका. माझ्या 72 किलोला मी मागे 75 आणि पुढे 70 पीएसआय ठेवतो, ताई तुमच्याहून हलक्या असतील तर त्यांच्या सायकलला आणखी कमी. काठाला बाभळी फार, तेव्हा माणशी दोन ट्यूब आणि ठिगळांचा डबा. पंक्चर काढल्यावर टायर आतून बोटाने चाचपा, काट्याचं टोक आतच राहिलेलं असतं आणि दुसरी ट्यूबही जाते. गावांतल्या दुकानांत रोडबाईकच्या बारीक वॉल्व्हला हवा भरायची सोय नसते, छोटा अडॅप्टर किंवा हातपंप जवळ हवाच.

परतीसाठी खिद्रापूरहून रेल्वे नाही. जयसिंगपूर किंवा मिरज गाठावं लागतं. त्याच दिवशी सायकलने परत यायचा अट्टहास करू नका. सांगलीतूनच आदल्या संध्याकाळी छोटा टेम्पो ठरवा, त्याला दुपारी दोनला देवळापाशी बोलवा आणि येताना दोन जुन्या चादरी आणायला सांगा. सायकली आडव्या टाकताना डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राची बाजू वर आणि मधे चादर. परतीच्या वाटेवर वाडीला टेम्पो दहा मिनिटं थांबवायचं आधीच बोलून ठेवा, बासुंदी राहिलीय.